जुनी लेन्स, नवा कॅमेरा आणि मधली पोकळ नळी

जुन्या फिल्म कॅमेऱ्याची लेन्स नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर बसवण्यासाठी जो अ‍ॅडॉप्टर वापरतात, तो बहुतेक वेळा दोन टोकांना दोन वेगळ्या खाचा असलेली धातूची पोकळ नळी असतो. त्यात काच नसते, विजेचे संपर्कबिंदू नसतात आणि हलणारा भागही क्वचितच असतो. अशी वस्तू काय बिघडवणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच लेन्स निवडताना आठवडेच्या आठवडे घालवणारी माणसे अ‍ॅडॉप्टर मात्र सर्वांत स्वस्त दिसेल तो मागवून मोकळी होतात. माझे मत याच्या उलट आहे. लेन्स घरात असेल ती घ्यावी. चिकित्सा करायची असेल तर ती या नळीची करावी, कारण जुन्या लेन्सकडून येणाऱ्या बऱ्याचशा तक्रारी प्रत्यक्षात या नळीच्या असतात.

सोलापुरात हा विषय निघतो तो बहुधा एखाद्या बंद झालेल्या स्टुडिओच्या कपाटातून. माझ्या मामांचा नवी पेठेत स्टुडिओ होता आणि लग्नाच्या हंगामात त्यांना उसंत नसे. त्यांनी व्यवसाय आवरला, तेव्हा याशिका एफएक्स-३ सुपर २००० आणि तिची ५० मिमीची लेन्स, एक रशियन झेनिट व तिच्यावरची ५८ मिमीची हेलिओस ४४-२, आणि निकॉनच्या हाताने फोकस करायच्या २८ व १३५ मिमीच्या दोन लेन्स माझ्याकडे आल्या. मामांनी तेव्हा एकच शंका विचारली होती : “अरे, पण तुझा कॅमेरा या लेन्सला ओळखणार कसा?” तिचे उत्तर असे की, कॅमेरा लेन्सला ओळखत नाही आणि ओळखण्याची गरजही नसते. लेन्सला फक्त सेन्सर योग्य अंतरावर हवा असतो.

हे अंतर म्हणजे लेन्स ज्या कड्यावर टेकते त्या पृष्ठभागापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर, ज्याला फ्लँज अंतर म्हणतात. लेन्सचे आरेखन करताना ते कायमचे ठरवलेले असते. निकॉनचा एफ माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडण्याची रचना) १९५९ मध्ये आला आणि त्याचे हे अंतर ४६.५ मिमी आहे. प्रॅक्टिका, पेंटॅक्स, झेनिट अशा अनेक कॅमेऱ्यांनी वापरलेल्या एम४२ या पेचाच्या माउंटचे अंतर ४५.४६ मिमी, याशिका-कॉन्टॅक्स माउंटचे ४५.५ मिमी, मिनोल्टाच्या जुन्या माउंटचे ४३.५ मिमी आणि कॅनन एफडीचे ४२ मिमी. हे सगळे आकडे चाळिशीच्या वर असण्याचे कारण उघड आहे. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये वर-खाली होणारा आरसा असतो आणि त्याला हलायला जागा लागते. मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नसल्यामुळे ही जागा वाचली. मायक्रो फोर थर्ड्‌स पद्धतीचा पहिला कॅमेरा, पॅनासॉनिक जी१, २००८ मध्ये आला. त्या माउंटचे फ्लँज अंतर १९.२५ मिमी आहे. सोनीच्या ई माउंटचे १८ मिमी, फुजीच्या एक्स माउंटचे १७.७ मिमी, कॅनन आरएफचे २० मिमी आणि २०१८ मध्ये आलेल्या निकॉन झेडचे अवघे १६ मिमी आहे.

आता नळीची लांबी काढणे ही साधी वजाबाकी ठरते. माझा कॅमेरा सोनीचा फुल फ्रेम आहे, म्हणजे त्याचा सेन्सर ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा आहे. निकॉन एफ लेन्ससाठी ४६.५ मधून १८ वजा केले की २८.५ मिमी उरतात आणि एम४२ साठी २७.४६ मिमी. तीच निकॉनची लेन्स निकॉन झेडवर लावायची असेल तर ३०.५ मिमी लांबीची नळी लागते. डीएसएलआरच्या, म्हणजे डिजिटल एसएलआरच्या, काळात हा खेळ इतका सोपा नव्हता. कॅनन ईएफचे अंतर ४४ मिमी असल्यामुळे एम४२ लेन्स दीड मिमीपेक्षाही पातळ कड्याने तिथे बसत असे. पण निकॉनच्या डीएसएलआरचे अंतर एम४२ पेक्षा एक मिमीने जास्त आहे, त्यामुळे लेन्स आधीच गरजेपेक्षा पुढे राहते आणि दूरची वस्तू कधीच स्पष्ट होत नाही. त्यावर उपाय म्हणून मध्ये काच घातलेले अ‍ॅडॉप्टर मिळत, आणि बहुतेकांतील ती काच चित्राचा कस घालवत असे. त्या अनुभवामुळे ‘अ‍ॅडॉप्टर लावला की क्वालिटी जाते’ अशी एक समजूत स्टुडिओवाल्यांमध्ये रुजली आहे. मिररलेसवरच्या बिनकाचेच्या अ‍ॅडॉप्टरला ती लागू नाही, कारण प्रकाशाच्या वाटेत त्याने काहीही नवे आणलेले नसते.

लागू होते ती लांबीतील चूक. ती किती असली तर चालते, हे अंदाजाने न सांगता हिशेबाने सांगता येते. लेन्स अनंतावर, म्हणजे अतिदूरच्या वस्तूवर, लावलेली असताना सेन्सर थोडा मागे राहिला, तर ती लेन्स जास्तीत जास्त किती लांबचे स्पष्ट दाखवू शकेल, हे काढण्यासाठी फोकल लेंग्थचा (लेन्सच्या नावातील ५० मिमी, २८ मिमी हा आकडा) वर्ग करून त्याला त्या चुकीने भागायचे. समजा, अ‍ॅडॉप्टर ०.०५ मिमीने जाड आहे, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. ५० मिमीच्या लेन्ससाठी उत्तर येते ५० मीटर. त्यापलीकडचे सगळे, प्रकाश आत सोडणारे छिद्र म्हणजेच अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे असताना, किंचित मऊच, म्हणजे अस्पष्ट, राहणार. १३५ मिमीच्या लेन्सला हीच चूक साडेतीनशे मीटरच्या पलीकडे जाणवते, म्हणजे व्यवहारात जवळजवळ नाहीच. आणि २८ मिमीच्या वाइड लेन्सला? जेमतेम साडेपंधरा मीटर. भुईकोट किल्ल्याचा तट रस्त्याच्या पलीकडून टिपायचा म्हटला तरी हे अंतर अपुरे पडते. लेन्स जितकी वाइड तितकी ती नळीतील चुकीबाबत कडक असते. नेमकी वाइड लेन्स घेऊन आपण निसर्गदृश्ये टिपायला जातो आणि मग ‘जुनी वाइड लेन्स कडांना खराबच असते’ असे म्हणून मोकळे होतो.

ही अडचण उत्पादकांना ठाऊक असते. जाड अ‍ॅडॉप्टरवर दूरचा फोकस मिळत नाही म्हणून ग्राहक वस्तू परत पाठवतो; पातळ अ‍ॅडॉप्टरवर दूरचा फोकस मिळतो, फक्त लेन्सवरच्या अनंताच्या खुणेच्या अलीकडेच मिळतो, आणि तक्रार कोणी करत नाही. म्हणून स्वस्त अ‍ॅडॉप्टर मुद्दाम थोडे पातळ केलेले असतात. पडद्यावर पाहून फोकस करणाऱ्याला यात काही बिघडले असे वाटत नाही. पण याचे दोन परिणाम होतात. पहिला असा की, जवळच्या अंतरावर स्पष्टता टिकावी म्हणून काही वाइड लेन्समध्ये फोकस रिंग फिरवताना आतल्या भिंगांमधील अंतरही बदलते. अशा लेन्समध्ये अनंत चुकीच्या जागी आला की आतली रचनाही चुकीच्या जागी असते आणि चित्राच्या कडा खरोखरच ढासळतात. दुसरा परिणाम म्हणजे लेन्सवर कोरलेले अंतराचे आकडे निरुपयोगी होतात, आणि हे माझ्या दृष्टीने अधिक मोठे नुकसान आहे.

गड्ड्याच्या यात्रेचे उदाहरण घेतो. मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांच्या सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, पांढऱ्या बाराबंदीतील भक्तांची दाटी असते, आणि त्या गर्दीत मान खाली घालून, चित्र मोठे करून, सावकाश फोकस साधण्याची सोय कोणालाच नसते. तिथे जुन्या लेन्सची जुनी रीतच कामाला येते. २८ मिमीची लेन्स, एफ/८ हे अ‍ॅपर्चर, फोकस रिंग सुमारे ३.३ मीटरवर; फुल फ्रेमवर एवढे केले की साधारण १.६ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे स्वीकारार्ह स्पष्ट येते आणि नंतर फोकसला हात लावावा लागत नाही. ऑटोफोकसने खांद्यामागचा खांब धरला की चेहरा धरला, ही चिंताही उरत नाही. पण अ‍ॅडॉप्टर ०.१ मिमीने पातळ असेल, तर रिंगवर ३.३ मीटर दिसत असताना लेन्स प्रत्यक्षात साडेपाच मीटरच्या आसपास फोकस झालेली असते आणि स्पष्टतेची अलीकडची सीमा दोन मीटरवर सरकते. गर्दीतले जिवंत चेहरे नेमके दीड ते दोन मीटरच्या पट्ट्यात असतात. कॅमेरा चांगला, लेन्स चांगली, गणितही बरोबर, आणि तरी पुढची रांग मऊ.

म्हणून अ‍ॅडॉप्टर हातात आला की मी तो आधी मोजून घेतो. घरच्या साध्या व्हर्नियरचा यासाठी फारसा उपयोग नाही. त्याची अचूकता आपल्याला हव्या असलेल्या फरकाच्या जवळपासच असते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांचे सुटे भाग करणारी लेथची दुकाने आहेत आणि तिथे २५ ते ५० मिमीचा मायक्रोमीटर सहज असतो. चहाच्या वेळेला गेले तर कारागीर कौतुकाने मोजून देतो, कारण शंभरावा भाग मोजणे हे त्याचे रोजचे काम आहे आणि फोटोवाला ते मागायला येतो याचे त्याला नवल वाटते. मोजताना दोन्ही टोकांचे टेकणारे पृष्ठभाग धरायचे, बाहेर आलेली कडी किंवा खाचा नाही. मोजमाप एकाच ठिकाणी न घेता कडेने तीन-चार ठिकाणी घ्यायचे. सगळीकडे सारखाच आकडा थोडा कमी आला तर ते सुधारता येते. पण एका बाजूला एक आणि समोरच्या बाजूला दुसरा आकडा आला, तर लेन्स सेन्सरसमोर तिरकी बसणार. मग चित्राची एक कड स्पष्ट आणि दुसरी मऊ येणार. असा अ‍ॅडॉप्टर परत पाठवणे हाच उपाय आहे.

पातळ अ‍ॅडॉप्टर जाड करणे तुलनेने सोपे असते. बऱ्याच अ‍ॅडॉप्टरचे कॅमेऱ्याकडचे कडे चार-सहा स्क्रूंनी बसवलेले असते. ते काढून खाली हव्या त्या जाडीचा पितळी शिम, म्हणजे पातळ पत्रा, कापून घालता येतो. लेथवाल्यांकडे शिमचा पत्रा वेगवेगळ्या जाडीत मिळतो. शिम अखंड कड्याच्या आकाराचा असावा, तुकडे घालू नयेत, नाहीतर जो तिरकेपणा नव्हता तो आपणच निर्माण करतो. एम४२ च्या काही अ‍ॅडॉप्टरांमध्ये आणखी एक सोय असते : पेचाचे आतले कडे बारीक स्क्रू सैल करून फिरवता येते. पेचाची लेन्स घट्ट बसल्यावर तिची मधली खूण वर न येता बाजूला राहत असेल तर ती अशी सरळ करता येते.

मोजमाप केल्यावर प्रत्यक्ष तपासणी करायची. त्यासाठी लांबचे, ठळक कडांचे लक्ष्य हवे. सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी या कामाला फार सोयीची होती. विमानतळाच्या वादात ती जून २०२३ मध्ये पाडली गेली आणि त्या वादात कोणाचे बरोबर होते ते असो, फोकस तपासणाऱ्यांचे नुकसान झाले. आता मोबाइलचे मनोरे आहेत. रात्री चंद्र किंवा ठळक तारा त्याहून चांगला. सोलापुरातील उन्हाळ्यात दुपारी ही तपासणी करण्यात अर्थ नसतो, कारण तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा लांबच्या प्रत्येक कडेला थरथरवते आणि दोष लेन्सचा की हवेचा हे कळत नाही. सूर्योदयानंतरचा पहिला तास उत्तम. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे, कॅमेरा तिवईवर, चित्र पूर्ण मोठे केलेले, आणि रिंग अनंताच्या थांब्यापर्यंत नेल्यावर मनोरा स्पष्टतेच्या नेमक्या टोकाशी किंवा किंचित पुढे गेलेला, एवढे दिसले की अ‍ॅडॉप्टर कामाचा.

नळीच्या आतली बाजू हा पुढचा मुद्दा. ती चकचकीत काळी असेल तर बाजूने आलेला प्रकाश आत उसळतो आणि सेन्सरवर पांढरट पडदा पडतो. फुल फ्रेमच्या लेन्सने तयार केलेले चित्र वर्तुळाकार आणि सेन्सरपेक्षा मोठे असते; वाया जाणारा प्रकाश कुठेतरी आदळतोच. चांगल्या अ‍ॅडॉप्टरमध्ये आत बारीक पायऱ्या आणि मंद काळा रंग असतो. नसेल तर मंद काळा रंग किंवा मखमली काळा कागद लावता येतो, फक्त त्याचे तंतू सेन्सरवर पडणार नाहीत याची खात्री हवी. सोलापूरच्या मे महिन्यातील उन्हात हा फरक नजरेत भरतो. जुन्या लेन्सवरचे, चमक कमी करणारे लेप तसेही साधे असतात. पेंटॅक्सने बहुस्तरीय लेप असलेल्या लेन्स १९७१ च्या सुमारास आणल्या. त्याआधीच्या आणि बऱ्याचशा नंतरच्याही लेन्सवर एकेरी लेपच असे. ऊन समोरून आले की काळ्या दगडाचा तट करडा होतो. लेन्स हूड इथे बंधनकारक समजावे.

अ‍ॅपर्चर चालवण्याची पद्धत प्रत्येक माउंटची वेगळी आहे आणि अ‍ॅडॉप्टर घेताना फसगत होते ती बहुधा इथे. निकॉनच्या ज्या लेन्सवर अ‍ॅपर्चरची रिंग आहे, त्यांना साधी नळी पुरते. रिंग नसलेल्या जी प्रकारच्या लेन्स साध्या नळीवर लावल्या तर स्प्रिंगमुळे अ‍ॅपर्चर सर्वांत लहान होऊन बसते. त्यांच्यासाठी स्वतःची रिंग असलेला अ‍ॅडॉप्टर घ्यावा लागतो. कॅनन एफडीला लेन्समधील तरफ धरणारे कुलूप असलेला अ‍ॅडॉप्टर लागतो, आणि ते कुलूप योग्य बाजूला नसेल तर रिंग फिरते पण पाती हलत नाहीत. एम४२ च्या नंतरच्या लेन्सना मागे एक बारीक पिन असते. ती दाबली गेली तरच अ‍ॅपर्चर बंद होते, म्हणून आत पायरी असलेला अ‍ॅडॉप्टर निवडावा. लेन्सवर ऑटो-मॅन्युअल असा खटका असेल तर पायरी नसली तरी चालते. हेलिओस ४४-२ ला पिनच नाही. तिच्यावर दोन रिंगा आहेत : एकीने एफ/८ सारखी मर्यादा ठरवायची, दुसरी उघडून एफ/२ वर फोकस साधायचा आणि मग ती थांबेपर्यंत परत फिरवायची. फिल्मच्या काळात ही पद्धत मागासलेली समजली जात असे. मिररलेसवर मात्र मला ती सर्वांत सुटसुटीत वाटते, कारण नजर पडद्यावरून हलवावी लागत नाही.

झेड कॅमेरा असलेल्या मित्रांसाठी एक वेगळी सूचना. निकॉनचा एफटीझेड अ‍ॅडॉप्टर अचूक आहे आणि लेन्समध्येच मोटर असलेल्या एएफ-एस लेन्सचा ऑटोफोकस त्यावर चालतो. पण त्यात मोटर नाही. त्यामुळे कॅमेऱ्यातील मोटरवर चालणाऱ्या जुन्या एएफ-डी लेन्स त्यावर हातानेच फोकस कराव्या लागतात. लग्नाचे काम करणाऱ्यांच्या कपाटात या एएफ-डी लेन्स बऱ्याच असतात आणि अपेक्षाभंग तिथेच होतो.

कॅमेऱ्यातील सेटिंग थोडीच आहेत. लेन्स नसतानाही शटर चालू द्यावे, हा पर्याय आधी सुरू करावा लागतो, कारण कॅमेऱ्याच्या दृष्टीने पुढे लेन्सच नसते. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर ठेवले की प्रकाशमापन नीट होते. अ‍ॅपर्चर आपण बदलतो आणि कॅमेरा आत येणारा प्रकाश मोजून शटरचा वेग ठरवतो. कॅमेऱ्यातच हादरेरोधक यंत्रणा असेल, जशी सोनीने २०१४ च्या ए७ मार्क २ पासून फुल फ्रेममध्ये दिली, तर लेन्सची फोकल लेंग्थ प्रत्येक वेळी हाताने भरावी लागते. १३५ चा आकडा तसाच ठेवून २८ ची लेन्स लावली, तर सेन्सर गरजेपेक्षा कितीतरी जास्त हलतो आणि स्थिर हाताने काढलेला फोटोही पुसट होतो. सोनीवर इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन शटर, म्हणजे शटरच्या पहिल्या पडद्याचे काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करणे, ही सोय दुसऱ्या कंपनीच्या लेन्ससाठी बंद ठेवावी, असे कंपनीच्याच माहितीपुस्तिकेत सांगितले आहे. ती सुरू राहिल्यास वेगवान शटरवर चित्राचा उजेड असमान येऊ शकतो. फोकस पीकिंग म्हणजे कडांवर येणारा रंगीत झिलमिलाट मला फसवा वाटतो. तो अंदाज देतो, निर्णय देत नाही. एफ/२ च्या आतबाहेर काम करायचे तर चित्र मोठे करून पाहण्याला पर्याय नाही.

आपल्या हवेचा जुन्या लेन्सवर होणारा परिणाम कोकणापेक्षा वेगळा आहे. तिकडे बुरशी हा मुख्य शत्रू. सोलापूरच्या कोरड्या हवेत ती कमी दिसते. पावसाळ्यातले महिने हवाबंद डब्यात सिलिका जेलसह लेन्स ठेवल्या की बहुधा निभावते. इथला त्रास आहे तो चाळीस अंशांच्या वरच्या उन्हाळ्याचा. फोकसच्या पेचात भरलेले जुने ग्रीस उष्णतेने सुटते आणि त्यातले तेल अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर पसरते. कपाटातून काढलेल्या लेन्समध्ये टॉर्च मारली की पात्यांवर ओलसर चमक दिसते, ती हीच. फिल्म कॅमेऱ्यावर अशी लेन्स निकामी समजावी लागे, कारण तिथे शटर दाबल्याबरोबर पाती निमिषात मिटायला हवीत आणि तेलकट पाती आळशी होतात. अ‍ॅडॉप्टरवर मात्र पाती आपण आधीच मिटवून ठेवतो, झटक्याची गरजच नसते. त्यामुळे दुरुस्तीवाल्याने ‘टाकून द्या’ म्हटलेली लेन्स मिररलेसवर वर्षानुवर्षे चालू शकते. अट एवढीच की रिंग फिरवल्यावर पाती हळू का होईना पण पूर्ण मिटावीत आणि तेलाची वाफ आतल्या काचांवर धुक्यासारखी बसलेली नसावी. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत लेन्स ठेवू नये, हे वेगळे सांगायला नको.

त्याच उन्हाचा एक फायदा आहे. साठ-सत्तरच्या दशकांतील काही लेन्समध्ये, उदाहरणार्थ पेंटॅक्सच्या सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ च्या नंतरच्या आवृत्तीत, थोरियमयुक्त काच वापरलेली आहे आणि ती काळाबरोबर पिवळी पडते. अतिनील प्रकाशाने हा पिवळेपणा उतरतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात, खिडकीत, मागच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल लावून काही आठवडे ठेवल्यास फरक दिसतो. दुपारच्या उन्हात मात्र नको. उष्णतेने ग्रीस सुटेल, आणि उघडी लेन्स ऊन एकवटून आगही लावू शकते. किरणोत्सर्ग अल्प असतो, वापरायला अडचण नाही, पण ती काच फोडू वा घासू नये.

एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा, कॅमेरा असणाऱ्यांनी अपेक्षा आधीच बदलून घ्याव्यात. लेन्सच्या चित्राचा फक्त मधला भाग वापरला जातो, त्यामुळे ५० मिमीची लेन्स फुल फ्रेमवरच्या ७५ मिमीसारखे दृश्य देते. चेहरे टिपायला ते छान, पण २८ मिमीची लेन्स ४२ मिमीसारखी वागू लागते आणि वाइड म्हणून तिचा उपयोग संपतो. ०.७१ पटीचा फोकल रिड्यूसर, म्हणजे लेन्सचे चित्र आकसून लहान करणारा भिंगाचा अ‍ॅडॉप्टर, हा दोष बराच भरून काढतो आणि वर एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) प्रकाशही देतो. फक्त त्यात काच असते, म्हणून तिथे स्वस्त माल घेऊ नये. हेलिओसच्या चित्रात मागच्या पानांना जी भोवऱ्यासारखी वळणे येतात, ती कडांच्या भागातच असतात. एपीएस-सीवर ती बहुतांश कापली जातात. त्या वळणांसाठी हेलिओसला हल्ली जी किंमत मागतात ती मला अवाजवी वाटते; घरात आहे म्हणून वापरतो, नसती तर विकत घेतली नसती.

काही लेन्स मिररलेसवर न लावलेल्याच बऱ्या. रेंजफाइंडर (लेन्समागे आरसा नसलेल्या फिल्म) कॅमेऱ्यांच्या जुन्या वाइड लेन्सचे मागचे भिंग फिल्मच्या फार जवळ जाते आणि कडांना प्रकाश फार तिरका पडतो. फिल्मला त्याचे वावडे नव्हते. सेन्सरवरच्या काचेच्या थरातून तो जाताना कडा पुसट होतात आणि कधी रंगही बदलतो. एसएलआरच्या लेन्सला हा त्रास सहसा होत नाही, कारण आरशामुळे त्यांचे मागचे भिंग लांबच ठेवावे लागले होते.

शेवटी खरेदीबद्दल. एका अ‍ॅडॉप्टरवर दुसरा चढवून, म्हणजे एम४२ वरून कॅनन ईएफ आणि ईएफवरून सोनी, असे टप्पे करू नयेत. प्रत्येक जोडाची चूक आणि सैलपणा बेरजेत जातो. शक्य असेल तर नेहमीच्या प्रत्येक लेन्सला स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर घ्यावा, त्या लेन्सबरोबरच मोजून शिम करावा आणि मग कायम तिच्यावरच ठेवावा. २८ मिमीसाठी सर्वांत अचूक नळी राखून ठेवावी. १३५ ला उरलेली चालते, पण ती जड असल्यामुळे जोडात सैलपणा नसलेली हवी, आणि पट्टा खांद्यावर असताना हात कॅमेऱ्याखाली नव्हे, लेन्सखाली असावा.